पिशवी कुणाची?

एडिनबरातले आमचे घरमालक घरात शिरणाऱ्याला "कसे आहात" असं कधी विचारत नसत. तो बाजारातून आलेला दिसला, तर त्याच्या हाताकडे बघून विचारायचे, "पिशवी कुणाची?"

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्यांच्याकडे राहायला गेलो. जुनं दगडी घर. वरच्या दोन खोल्या आमच्या, खालच्या त्यांच्या, स्वयंपाकघर मात्र खाली आणि सगळ्यांचं एकच. मी तिथल्या एका पेन्शन कंपनीत कामाला होतो. माणसं सरासरी किती वर्षं जगतात याचे तक्ते करणं हे माझं काम. त्यामुळे भाडेकरार मी दोनदा वाचला होता. वीज, कचरा, बागेचा वापर, सगळं त्यात होतं. पिशव्यांबद्दल काही नव्हतं.

दारामागे खुंट्यांची एक फळी होती आणि तिच्यावर कापडी पिशव्या टांगलेल्या असत. पहिल्याच शनिवारी पाऊस लागलेला असताना मी घाईत त्यातली एक उचलली आणि कोंबडी, बटाटे, द्राक्षं, बिस्किटं असं घेऊन आलो. घरमालक, म्हणजे आमचे काका, टेबलाशी बसले होते. सत्तरीचे, काटक, अंगात दोन स्वेटर, पायात मोजे नाहीत. त्यांनी पिशवी जवळ ओढली, सगळं टेबलावर मांडलं आणि त्याचे तीन ढीग करायला लागले.

"अहो काका, ते मी आणलंय," मी म्हणालो. "पावती आहे माझ्याकडे."

"मग ठेव ना जपून. पिशवी कुणाची?"

"पिशवी तुमची. पण..."

"झालं तर मग. बस खाली, राजा."

कोंबडी जवळजवळ सगळी त्यांनी माझ्या बायकोकडे सरकवली, बटाटे आणि द्राक्षं मला दिली आणि स्वतःकडे दोन पंख आणि अर्धा पुडा बिस्किटं ठेवली. मी मनात बेरीज केली. चार पंचमांशाच्या वर आमच्याच वाट्याला आलं होतं, म्हणजे तक्रारीला जागा नव्हती. पण आपणच आणलेलं आपल्याला कुणीतरी वाढून देतं, याचा राग जिना चढून वर जाईपर्यंत टिकला.

पुढच्या आठवड्यात उलट झालं. काका बाजारात निघाले ते आमची पिशवी घेऊन, आणि येताना त्यांनी चांगला मोठा सॅमन मासा आणला. टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसले. आम्ही त्यांच्याकडे बघतोय, ते आमच्याकडे. शेवटी माझ्या बायकोला म्हणाले, "भूक लागली ना पोरी. वाट की आता. पिशवी तुझी आहे."

"पण काका, मासा तुम्ही आणलाय."

"मी फक्त चालत गेलो आणि चालत आलो. आमच्याकडे असंच राहते."

वर आल्यावर बायको म्हणाली, "नागपूरला असं असतं?" काकांची बोली नागपूरकडची होती, म्हणून तिला तसं वाटलं. मी म्हणालो, "माझी मावशी नागपूरला आहे. तिच्याकडे असं काही पाहिलेलं नाही. ती लोणच्याची बरणीसुद्धा कपाटात ठेवते."

'आमच्याकडे' म्हणजे नागपूर नव्हे, हे कळायला आम्हाला महिना लागला. 'आमच्याकडे' म्हणजे कलाहारी.

काका भूगर्भशास्त्रज्ञ. तिशीत असताना काकूंना घेऊन आफ्रिकेत, बोट्स्वानात विंधनविहिरी खोदायच्या कामावर गेले. दोन वर्षांसाठी गेलेला माणूस मुलगी शाळेत जायला लागेपर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षं, तिथेच राहिला. कलाहारीच्या वाळवंटात त्यांच्या तळाशेजारी शिकारीवर आणि कंदमुळांवर जगणाऱ्या सान लोकांची काही कुटुंबं राहत होती. आधी ती शेजारी होती, मग काका त्यांच्या शेकोटीपाशी बसायला लागले आणि मग तळावर फक्त झोपण्यापुरते जायला लागले. पुढे काकूंना एडिनबरातल्या इस्पितळात नोकरी मिळाली, म्हणून सगळे इकडे आले. काकू वारल्या त्याला आम्ही आलो तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मुलगी अनघा लग्न होऊन लंडनजवळ हॅरोला राहत होती.

सान हे नावसुद्धा दुसऱ्यांनी ठेवलेलं, असं ते सांगायचे. प्रत्येक गटाचं स्वतःचं नाव वेगळं. काकांच्या शेजाऱ्यांच्या नावात एक आवाज होता, तो काढताना ते जीभ टाळूला लावून झटक्यात सोडत. बैल हाकताना शेतकरी काढतो तसा. आम्ही प्रयत्न केला की म्हणत, "बैल चालायला लागला, नाव काही आलं नाही."

त्यांच्या सवयी समजायला मला वेळ लागला, कारण त्या एडिनबराला अजिबात लागू पडत नव्हत्या. बाहेर वर्षाचे निम्मे दिवस पाऊस, आणि हा माणूस नळ करंगळीएवढा सोडायचा. कुणाच्या पेल्यात तळाशी पाणी उरलं तर ते स्वतः पिऊन टाकायचा. शहामृगाच्या अंड्याची दोन रिकामी कवचं फडताळावर होती. तिकडे त्यात पाणी भरून, गवताचा बोळा लावून ती वाळूत पुरून ठेवतात, म्हणजे कोरड्या दिवसांत त्या वाटेने जाताना उपयोगी पडतात. "वाळवंट म्हणजे तुला वाटते तसं नाही," ते मला म्हणाले होते. "गवत आहे, काटेरी झाडं आहेत, हरणं आहेत. रानटी कलिंगडं आहेत, कंद आहेत. बाया टोकदार काठीने कंद उकरतात, त्याचा कीस पिळून पाणी पितात. सगळं आहे. फक्त कुठंच ढिगाने नाही. म्हणून साठवायचं तर माणसांत साठवायचं."

रस्त्याने ते कधी कुणाच्या शेजारून चालत नसत. फुटपाथ कितीही रुंद असो, रानातल्या पायवाटेवरून जावं तसे पुढे ते, मागे मी, माझ्यामागे बायको. बोलायचं असलं की न वळता बोलायचे, त्यामुळे निम्मं वाऱ्यावर जायचं. संध्याकाळी मागच्या अंगणात, एका जुन्या लोखंडी घमेल्यात ते ओंजळभर लाकडांची शेकोटी करायचे. हिवाळ्यातही. शेजारच्या बाईंनी धुराची तक्रार केली तेव्हा काकांनी त्यांना शेकोटीवर भाजलेला रताळ्याचा तुकडा दिला. तक्रार थांबली नाही, पण पुढे त्या स्वतःची खुर्ची घेऊन येऊन तक्रार करायला लागल्या.

पिशव्यांचा उलगडा त्या शेकोटीपाशीच झाला. तिकडे शिकार केली की मांस मारणाऱ्याचं नसतं. ज्याच्या बाणाने ते जनावर पडलं, त्या बाणाच्या मालकाचं असतं. आणि बाण तर सगळ्यांचे सगळ्यांकडे फिरत असतात, कुणी कुणाला दिलेले, कुणाकडून घेतलेले. ज्याचे पाय थकलेत, ज्याला नीट दिसत नाही, अशाचाही एखादा बाण कुणाच्या तरी भात्यात असतो. मग एक दिवस तो घरबसल्या मांसाचा मालक होतो.

"म्हणजे मान मिळतो त्याला," मी म्हणालो.

"कशाचा मान, राजा? वाटायची पाळी त्याच्यावर येते. कुणाला कमी पडलं तर बोलणी तो खातो. मारणाऱ्याची मात्र सुटका. त्याला मोठं वाटायला जागाच राहत नाही."

मला ही व्यवस्था पटली. जोखीम विभागून टाकायची हेच आमच्या कंपनीतही चालायचं, फक्त तिथे त्याला पन्नास पानं लागत.

दुसरी गोष्ट पटायला मात्र जड गेली. त्या वर्षी गणपतीला बायकोने उकडीचे मोदक केले. तांदळाची पिठी लंडनहून येणाऱ्या एकाकडून मागवली होती, नारळ तिथल्याच वेम्बलीच्या भारतीय बाजारातून. सकाळपासून ती त्यातच होती. एकवीस मोदक, एकही फुटलेला नाही. आरती झाली, काकांना ताट दिलं. त्यांनी मोदक उचलून उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे काय? एवढ्याशा पिठासाठी मला आंघोळ करायला लावली?"

बायकोचा चेहरा उतरला. काकांनी सात मोदक खाल्ले आणि प्रत्येकाला नावं ठेवली. एक बुटका, एक वाकडा, एकाच्या आत सारण आहे की नाही याचीच शंका. ती वर जाऊन रडली. मी खाली येऊन त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितलं की हे बरोबर नाही.

काका खरंच गोंधळले. "पण इतके चांगले झाले होते," ते म्हणाले. "साधे झाले असते तर मी काहून बोललो असतो?"

मग त्यांनी समजावलं. तिकडे कुणी मोठं जनावर मारलं तर तो ओरडत येत नाही. गुपचूप येऊन बसतो. कुणी विचारलं की म्हणतो, कुठलं काय, माझ्या हातून काही होत नाही, एखादं पिटुकलं काहीतरी दिसलं असेल. हे ऐकलं की सगळे ओळखतात की दांडगी शिकार झाली. दुसऱ्या दिवशी ती आणायला जातात आणि वाटभर कुरकुर करतात, या हाडांच्या पिशवीसाठी आम्हाला एवढं चालवलंस? आणि तो म्हणतो, खरंच, टाकूनच देऊ, त्यापेक्षा उपाशी झोपू. मग पोट भरेपर्यंत खातात आणि पोट दुखेपर्यंत हसतात. चांगली शिकार करणारा माणूस हळूहळू स्वतःला धनी समजायला लागतो आणि बाकीच्यांना गडी. तसं होऊ नये म्हणून त्याचं काळीज वेळीच गार करायचं.

मी वर जाऊन बायकोला हे सगळं सांगितलं. ती नाक पुसून म्हणाली, "म्हणजे मोदक चांगले झाले होते?"

"त्यांच्या हिशेबाने फारच."

त्यानंतरच्या रविवारी काका दुकानातून भलंथोरलं कलिंगड घेऊन आले. धापा टाकत ते टेबलावर ठेवतात न ठेवतात तोच बायको म्हणाली, "काका, सरबताला एकच लिंबू आणलंत?" काका आधी थबकले. मग असे हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. त्या दिवसापासून ती त्यांची आवडती झाली. आणि खरं सांगायचं तर या कामात ती त्यांच्यापेक्षा सरस निघाली. मला बढती मिळाली तेव्हा मी पेढे घेऊन स्वयंपाकघरात शिरलो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काका म्हणाले, "दुसरं कुणी अर्जच केला नसेल." बायको म्हणाली, "केला होता, पण त्याला यायला उशीर झाला." त्या दिवशी मी किती हसलो ते मला अजून आठवतं.

वस्तू देण्याघेण्याचंही त्यांचं असंच. त्यांनी मला एक लोकरी मफलर दिला. मी सरळ माणूस, दुसऱ्याच दिवशी त्यांच्यासाठी हातमोजे आणले. काकांना वाईट वाटलं. "एवढी घाई?" ते म्हणाले. "म्हणजे आता तुझं-माझं काही राहिलं नाही." तिकडे भेटीची परतफेड खूप दिवसांनी करतात, तोवर दोन माणसांमध्ये काहीतरी चालू राहतं. मी हातमोजे परत घेतले आणि पुढच्या वर्षी दिले.

त्या काळात त्यांच्याकडे तिकडच्या बातम्यांची कात्रणं येत. बोट्स्वानाच्या सरकारने राखीव रानात राहणाऱ्या सान कुटुंबांना बाहेर वसाहतींत हलवलं होतं. काका ते वाचायचे आणि घमेल्यातली लाकडं सारखी करत बसायचे. एकदा म्हणाले, "दवाखाना दिला, शाळा दिली, नळ दिला. कुणी वाईट वागलं असं नाही. पण सकाळी उठून कुठं जायचं तेच राहिलं नाही."

दोन हजार पाचच्या नोव्हेंबरात काकांना न्यूमोनिया झाला. शेकोटीपाशी भिजत बसल्याने झाला असं त्यांची मुलगी म्हणाली, डॉक्टर तसं म्हणाले नाहीत. दोन आठवडे ते इस्पितळात होते. अनघा हॅरोहून आली आणि खालच्या खोलीत राहिली. चाळिशीची, शाळेत उपमुख्याध्यापक, नीटनेटकी बाई. तिने येतानाच ठरवलं होतं. तिच्या घरापासून बसने दहा मिनिटांवर वृद्धांसाठी फ्लॅट होते. प्रत्येक खोलीत मदतीला बोलावायची दोरी, खाली गरम जेवण, आठवड्याला नर्स. "सगळं आहे तिथे," ती मला म्हणाली. मला ती कात्रणं आठवली. पण तिची बाजूही खरी होती. हॅरोहून एडिनबराला यायला तिला दिवस जायचा.

काकांना घर सोडायचं नव्हतं. तसं ते म्हणाले नाहीत, पण मी भेटायला गेलो की घमेलं पावसात तर नाही ना, एवढंच विचारायचे.

इस्पितळाची रीत अशी, की म्हाताऱ्या माणसाला घरी सोडण्याआधी एक थेरपिस्ट त्याला तासाभरासाठी त्याच्या घरी आणते आणि त्याला स्वतःचं स्वतः जमतं का ते बघते. ती जो अभिप्राय लिहील त्यावर बरंचसं ठरायचं. एका मंगळवारी ती काकांना टॅक्सीने घेऊन आली. स्कॉटिश, तरुण, हसतमुख मुलगी. अनघा होती, मी रजा घेतली होती, बायकोही होती.

"जिना चढता येतो का?" तिने विचारलं.

"जिना कसला," काका म्हणाले. "कासवासारखा खरडत जातो. मध्येच विसरतो कुठे चाललो होतो."

तिने लिहून घेतलं. मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. हा माणूस दिवसातून दहा वेळा तो जिना चढायचा.

"स्वयंपाक करता?"

"मी? माझ्या हातचं कुत्रंही खाणार नाही."

"या घरात मदतीला कोण असतं?"

"हे वरचे लोक. त्यांना माझा नुसता ताप. माझ्या हातून कुणाचं काही होत नाही."

तिकडे हे ऐकून सगळ्यांनी ओळखलं असतं की म्हातारा अजून दणकट आहे. इथे पेन चालतच राहिलं. मग ती म्हणाली, "बरं, आपल्या सगळ्यांसाठी चहा करून दाखवाल?"

काका उठले. किटली भरली, अगदी लागेल तेवढीच. कप काढले, कुणाला किती साखर लागते ते न विचारता घातली, थेरपिस्टला मात्र विचारलं. मला हायसं वाटलं. मग ते दुधाकडे वळले. दूध आणि बिस्किटं अनघाने सकाळी आणली होती आणि ती टेबलावर तिच्याच पिशवीत होती. काकांचा हात पुढे गेला, थांबला आणि मागे आला. ते खुर्चीत बसले. अनघाकडे बघून म्हणाले, "आता तू."

चहा काळाच निवत राहिला. अनघा जागची हलली नाही. थेरपिस्टने थोडा वेळ वाट पाहिली आणि एक ओळ लिहिली.

मग मी बोललो. दूध दुसऱ्याच्या पिशवीतलं आहे, कलाहारीत बाणाचा मालकच मांस वाटतो, म्हणून हे थांबलेत, असं मी माझ्या शक्य तेवढ्या चांगल्या इंग्रजीत सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तेही लिहून घेतलं. जाताना ती अनघाला बाजूला घेऊन म्हणाली की एकट्याने राहणं कठीण दिसतंय, पण कुटुंबाचं मत ऐकून उद्या दुपारी ती अभिप्राय पक्का करेल.

काका टॅक्सीत बसून परत गेले. बायको वर गेली. अनघा कप विसळायला लागली आणि नळ तसाच मोठा सोडून माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला वाटलं असेल मला माहीत नाही. दुधाचं. मला कळलं होतं."

"मग दिलं का नाहीस?"

"कारण मी दमले." तिने नळ बंद केला. "मी तिथेच मोठी झाले. मला सगळं माहिती आहे. तिथे मी एकदा खूप कंद खणून आणले, मी सात वर्षांची होते. सगळ्या बायका म्हणाल्या, काय हे, उंदराचं जेवण. आणि सगळे हसले, मी पण हसले. इट वॉज लव्हली. मग आम्ही इथे आलो. मी शाळेत पहिली आले, सर्टिफिकेट घेऊन आले, बाबा म्हणाले, एवढंच? युनिव्हर्सिटी मिळाली, तेव्हा पण तेच. माझ्या लग्नात स्पीच होतं त्यांचं. ते म्हणाले, हिला कुणी घेतली हेच नशीब. तिथे सगळे एकमेकांना बोलायचे. इथे फक्त बाबा बोलायचे. हसायला कोणी नव्हतं."

काकांनी आम्हाला ती रीत शेकोटीपाशी बसवून समजावली होती, आणि आम्ही तिघं होतो. हिच्यासमोर ते एकटेच होते.

कप पुसता पुसता तिने विचारलं, "खरं सांगा. त्यांना एकट्याला जमतं?"

मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं. रोज सकाळी आमच्याआधी उठतात. गॅस कधी चालू राहिलेला नाही, माझ्याकडून एकदा राहिला होता. तीन वर्षांत एकदा पडले, बर्फावरून, त्याच दिवशी त्याच जागी मीही पडलो. औषधं वेळेवर घेतात. किती वर्षं जगतील ते सांगता येत नाही, माझे तक्ते हजारो माणसांचे असतात, एकाचे नसतात.

"आणि तिकडे फ्लॅटवर?"

"तिकडे जेवण ताटात वाढून येईल," मी म्हणालो. "ते कुणाचं आहे हे त्यांना कळणार नाही."

ती हसली नाही. फडताळातून तांदूळ आणि मुगाची डाळ शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खिचडीचा मोठा डबा घेऊन ती इस्पितळात निघाली. जड होता म्हणून मी बरोबर गेलो. वॉर्डच्या त्या कोपऱ्यात चार पलंग होते. काका उशीला टेकून बसले होते, दाढी केलेली, केस विंचरलेले. आपलं काय ठरणार ते आज ठरणार, हे त्यांना ठाऊक होतं. अनघाने वाटीत खिचडी वाढून दिली. त्यांनी एक घास खाल्ला. मी मनात तयारी केली, आता काय म्हणतात.

काका म्हणाले, "छान झाली आहे, अनू. फार छान. तुझ्या आईसारखी."

अनघाच्या हातातला डाव तसाच राहिला. ते पुढे बोलतच होते. "तू सगळंच चांगलं करतेस. शाळा चालवतेस, घर बघतेस. आणि तो फ्लॅटही चांगलाच असेल." ते पाठ केल्यासारखं, एकेक शब्द ठेवत बोलत होते आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कुठला शब्द लागू पडतो ते त्यांना कळत नव्हतं. माणसाने घर वाचवायला आपलं होतं नव्हतं ते टेबलावर मांडावं, तसं ते होतं.

"बाबा, नका ना असं बोलू," अनघा म्हणाली.

"काहून?"

"मी काय पाहुणी आहे?"

काकांनी वाटी मांडीवर ठेवली. तिचे डोळे भरले होते, त्यांचेही. मी खिडकीकडे बघायला लागलो. तेवढ्यात बाजूच्या पलंगावरून एक म्हातारा, सारा जन्म बंदरावर मालाची चढउतार केलेला गडी, म्हणाला, "ते काय आहे ते मला माहीत नाही, पण तासाभरापासून वास येतोय. आम्हाला मिळणार आहे का नुसता बघायला आहे?"

अनघाने डोळे पुसले, पाण्याच्या यंत्राजवळचे कागदी पेले आणले आणि डबा रिकामा होईपर्यंत वाढलं. चारही पलंगांना, मला, शेवटी स्वतःला. सगळे खात होते. बंदरावरच्या म्हाताऱ्याने चमचा चाटला, विचार केला आणि म्हणाला, "मीठ विसरलीस, पोरी."

पलीकडचा म्हणाला, "मीठ नाही, चव विसरली ती. आमच्या पलटणीत याहून बरी लापशी असायची."

"तुझ्या पलटणीत लापशी पळून जायची," पहिला म्हणाला. "अजून आहे का गं?"

काकांनी आधी अनघाकडे पाहिलं. ती ओठ दाबून हसू आवरत होती. मग ती हसली, आणि तिला हसताना बघून काकाही हसायला लागले. त्यांना खोकला आला तरी हसू थांबेना, नर्स धावत आली. खोकला उतरल्यावर अनघा त्यांचं तोंड पुसत म्हणाली, "बघा. या हाडांच्या सांगाड्यासाठी मी लंडनहून आले."

"परत जा मग," काका म्हणाले.

"जाणारच आहे. तुम्ही तुमच्या घरी राहा."

थेरपिस्ट आली तेव्हा अनघा तिला सामोरी गेली. "ते घरी जातील," ती म्हणाली. "त्यांच्या स्वतःच्या. काल त्यांनी तुला जे जे येत नाही म्हणून सांगितलं, ते सगळं त्यांना येतं. तसं लिही. वर हे लोक आहेत, आणि दर महिन्याला मी येईन."

"मदतीला?"

"त्यांना बोलायला."

थेरपिस्टने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने कालचं पान उलटलं आणि नव्या पानावर लिहायला घेतलं. अनघाने आपल्या पेल्यातली उरलेली खिचडी तिच्यापुढे धरली. तिने उभ्या उभ्या एक घास घेतला आणि अगदी सभ्यपणे म्हणाली, "वा, फारच सुंदर आहे."

कोपऱ्यातले सगळे तिच्याकडे बघायला लागले. बंदरावरचा म्हातारा काकांकडे झुकून म्हणाला, "जाऊ दे. नवीन आहे ती."